तंबोऱ्याची दुरुस्ती आणि जवारी (मिरज)

जुन्या तंबोऱ्याचा भोपळा, तबली, दांडी आणि खुंट्या दुरुस्त करून शेवटी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पाटीवर, जवारी लावण्याचे कसब. जवारी म्हणजे तारेचा आवाज गुंजत राहावा म्हणून घोडीचा पृष्ठभाग घासून जुळवणे. सांगली जिल्ह्यातील मिरज हे या कामाचे महाराष्ट्रातील सर्वांत नावाजलेले ठिकाण आहे. नव्या सतारी आणि तंबोऱ्यांसाठी मिरजेचे नाव दूरवर पोचले आहे. तरी गाणाऱ्यांच्या घरात हे नाव पुष्कळदा निघते ते घरचा तंबोरा बोलेनासा झाल्यावर. तंबोरा घडतो एकदाच, दुरुस्तीला मात्र तो पिढ्यानुपिढ्या येत राहतो. म्हणून हे काम वाद्यनिर्मितीचे शेपूट समजणे चूक आहे. ती स्वतंत्र विद्या आहे, आणि चांगला कारागीर ओळखायचा तो इथेच.

मिरजेतल्या वाद्यांच्या धंद्याचे मूळही दुरुस्तीतच सांगतात. एकोणिसाव्या शतकात पटवर्धनांच्या मिरज संस्थानात बाहेरचे गवई आणि वादक येत, पण त्यांची वाद्ये नादुरुस्त झाली तर हात लावणारे जवळपास कोणी नसे. शस्त्रे घासूनपुसून धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन यांनी १८५० च्या सुमारास या वाद्यांच्या दुरुस्तीत लक्ष घातले, त्यातून ती घडवण्याचे तंत्र हस्तगत केले, आणि पुढे हे घराणे सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले, अशी तिथली परंपरा आहे. तलवारीच्या पात्यावर बसलेला हात घोडीच्या कामाला उपयोगी पडला असणार, कारण दोन्हीकडे कसोटी एकच: किती घासायचे यापेक्षा कुठे थांबायचे. आजही सतारमेकर गल्लीत हे काम चालते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या कामाला कान देणारी माणसेही मिरजेत होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी मिरजेत घर केले. त्यांची कबर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ चा, मिरजेतलाच. सुराच्या बाबतीत तडजोड न करणारी अशी गाणारी मंडळी शेजारी असली की तंबोरा लावणाऱ्याला सैलपणा चालत नाही.

तंबोऱ्याची रचना वरवर साधी आहे. खाली भोपळा, त्याच्या कापलेल्या तोंडावर लाकडी तबली, गळ्याच्या सांध्यातून वर गेलेली पोकळ दांडी, टोकाला चार खुंट्या, तबलीवर घोडी, आणि घोडीच्या मागे तारांत ओवलेले मणी. पुरुषी तंबोरा उंचीला पाच फुटांच्या आसपास असतो, बायकी त्याहून लहान. भोपळे मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. ते कडू असतात, खाण्यासाठी नव्हे तर वाद्यांसाठीच पिकवतात. सुकवून, आतला गर खरवडून, कीड लागू नये म्हणून त्यांना मोरचुदाचे पाणी देतात. लाकूड बहुधा तुणीचे.

जुना तंबोरा हाती आला की आधी तारा सैल करून तो बोटांनी ठोकून पाहतात. भोपळा आणि तबली भरीव, एकसारखी वाजली तर ठीक. कुठे फाटका, पत्र्यासारखा आवाज आला तर तिथे चीर आहे किंवा सरस सुटला आहे. गळ्याचा सांधा ही सर्वांत नाजूक जागा. तारांचा ताण वर्षानुवर्षे दांडीला पुढे ओढत असतो, त्यामुळे सांधा किंचित उघडतो, दांडी वाकते आणि तारा घोडीवर जिथे टेकायला हव्यात तिथे टेकत नाहीत. असा तंबोरा कितीही जवारी केली तरी चार दिवसांत बिघडतो. म्हणून आधी सांधा आणि मग जवारी, हा क्रम मोडायचा नसतो. ग्राहकाला घाई असते, त्याला फक्त जवारी हवी असते. अशा वेळी त्याला नाही म्हणणारा कारागीर त्याचे भलेच करत असतो.

जुने सांधे सरसाचे असतात. हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस ऊब आणि ओल मिळाली की सुटतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत सांधे ढिले पडतात, आणि पुराच्या पाण्यात सापडलेल्या वाद्याचे तर सगळे भाग वेगळे होऊ शकतात. कृष्णाकाठच्या घरांना ही भीती नवी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहरात पाणी शिरले तेव्हा ती पुन्हा अनुभवास आली. पण सरसाचा हाच दोष दुरुस्तीच्या वेळी गुण ठरतो. वाफ दिली की सांधा लाकूड न फाटता उघडतो, साफ होतो आणि पुन्हा जोडता येतो. कोणी मध्येच एपॉक्सीने सांधा चिकटवून ठेवला असेल तर पुढच्या माणसाला लाकूड कापल्यावाचून गत्यंतर नसते. जुन्या वाद्यात शक्यतो सरसच वापरावा, हे मत त्यामुळे पटण्यासारखे आहे.

भोपळ्याची बारीक चीर सरसात भोपळ्याचाच भुगा कालवून भरतात. मोठी असेल तर तबली उघडून आतून कापड किंवा भोपळ्याचा तुकडा चिकटवतात. घोडीखाली तबली थोडी खचलेली बहुतेक जुन्या तंबोऱ्यांत दिसते. ती तशीच ठेवून घोडीच्या पायांची उंची जुळवणे बरे. फारच खोल बसली तर नवी तबली घालावी लागते, आणि मग तंबोऱ्याचा जुना आवाज परत येईलच अशी खात्री कोणी देऊ नये. खुंटी फिरत नसेल किंवा थांबत नसेल तर तिचा निमुळता भाग भोकाला बेताने घासून बसवतात आणि वर खडू चोळतात. पॉलिश सर्वांत शेवटी, तेही लाखेचे आणि पातळ. तबलीवर जाड चकचकीत थर चढवून देण्याची जी रीत दुकानांतून पडली आहे, तिने लाकूड मोकळे हलत नाही. डोळ्याला सुख आणि कानाला शिक्षा.

यानंतर जवारी. तंबोऱ्याची घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती रुंद पाटी: शिसवी, हाडाची, किंवा जुन्या वाद्यांत सांबरशिंगाची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिंगाचा व्यवहार आता बंद आहे. पाटीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण तसा नसतो. मण्यांच्या बाजूकडून दांडीच्या बाजूला त्याला अगदी मंद, गोलसर उतार असतो. छेडलेली तार खालीवर होताना या उतारावर टेकते, उचलली जाते, पुन्हा टेकते. तिचा टेकण्याचा बिंदू दर कंपनाला पुढेमागे सरकतो, आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरच्या स्वरांची, म्हणजे उपस्वरांची, रांग एकामागून एक उमलत जाते. तंबोऱ्याचा जो गुंजारव आपण ऐकतो तो हाच. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिले. तार ज्या जागी छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोऱ्यात तो उपस्वरही स्पष्ट ऐकू येतो, आणि याचे कारण घोडीची घडण, असे रामन यांनी दाखवले.

रोजच्या रियाजाने तारा घोडीत बारीक खाचा पाडतात. उजेडात तिरपी धरली की त्या चार रेघा दिसतात. खाच पडली की तारेला उतार मिळत नाही, आवाज कोरडा होतो, कधी नुसताच चरचरतो. जवारी करणारा तारा बाजूला घेऊन पाटी बारीक कानशीने घासतो. कानस रेघेवर आडवीतिडवी न चालवता उताराच्या दिशेने लांब, हलक्या हाताने ओढायची असते. मग काचपेपर, मग तार चढवून सुरात आणणे, छेडणे, ऐकणे, आणि पुन्हा तार उतरवणे. खर्जाची, म्हणजे खालच्या षड्‌जाची, तार जाड, तिला उतार वेगळा लागतो, पंचमाच्या तारेला वेगळा, मधल्या जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्‌जाच्या, दोन तारा मात्र कानाला एकच वाटल्या पाहिजेत. एक तार साधली की शेजारची बिघडते, म्हणून एका घोडीत अर्धा दिवस सहज जातो. जास्त घासले गेले तर परतीची वाट नाही. सगळी पाटी पुन्हा खाली आणावी लागते, आणि घोडीची उंची तेवढी कमी होते.

घोडी तयार झाली की तारेखाली सुती दोरा सरकवतात. केसाएवढा मागेपुढे करत असताना एका जागी आवाज एकदम फुलतो. तिथे दोरा ठेवायचा. घोडी नीट नसेल तर दोरा कितीही सरकवा, ती जागा सापडत नाही. पाटी जरा सपाट ठेवली की जवारी खुली होते, झणकार जास्त; उतार थोडा अधिक गोल ठेवला की बंद, आवाज गोळीबंद आणि मऊ. यांत बरे-वाईट नाही, गाणाऱ्याच्या गळ्यावर आहे. पण दोन्ही प्रकारांत आस टिकली पाहिजे: एक तार छेडून दुसरीपर्यंत जाईतो पहिलीचा सूर तुटता कामा नये. खर्जातून स्वयंभू गंधार आपोआप ऐकू आला की काम झाले, अशी जुन्या लोकांची कसोटी आहे. ही कसोटी आजही पुरी पडते, कारण गंधार हा खर्जाचा पाचवा उपस्वर असल्याने तो सगळे जमल्याखेरीज नीट उठत नाही.

इलेक्ट्रॉनिक तंबोरे आणि मोबाइलमधले तंबोरे आल्यापासून शिकणाऱ्यांच्या घरी खरा तंबोरा उशिरा येतो, आणि आला तरी कोपऱ्यात उभा राहतो. न वाजवलेला तंबोराही बिघडतोच, कारण तारांचा ताण तेवढाच राहतो. महिनोन्‌महिने वाजवायचा नसेल तर तारा एकदोन सुरांनी उतरवून ठेवाव्यात, पूर्ण सोडू नयेत. पूर्ण सोडल्या तर घोडी आणि दोरा जागचे हलतात. तंबोरा भिंतीला टेकवून उभा ठेवण्यापेक्षा गवसणीत आडवा ठेवलेला चांगला.

दुरुस्तीला वाद्य देताना आपली पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुरावर आपण षड्‌ज धरतो ते, सांगावी लागते: काळी एक, पांढरी दोन, काळी चार, जी असेल ती. काळी एकला केलेली जवारी पांढरी चारला चालत नाही, कारण ताण बदलला की तार घोडीवर टेकण्याची रीत बदलते. पहिली तार बहुतेक वेळ पंचमावरच राहणार की मालकंससारख्या रागासाठी मध्यमावर, मारवा-पुरियासाठी निषादावर वारंवार न्यावी लागणार, हेही सांगावे. तशी तार निवडली जाते. आणि तंबोरा घ्यायला जाताना स्वतः गाणाऱ्यानेच जावे. दुसऱ्या कोणाला पाठवले तर कारागीर आपल्या कानाला रुचेल तसा लावून देतो, तो उत्तम असला तरी गाणाऱ्याच्या गळ्याशी जमेलच असे नाही. तिथे बसून षड्‌ज लावावा, कुठे खुपते ते सांगावे, आणि कारागिराने दोरा सरकवला की पुन्हा लावून पाहावा.