बादशहाचे नाव, मंत्र्याची सही

दरवर्षी १२ जानेवारीला सोलापूरच्या चार हुतात्मा पुतळा चौकात हार चढतात. शहर तेव्हा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गडबडीत असते, तरी लोक पुतळ्यांपाशी थांबतात, हात जोडतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या सोलापूरच्या उठावानंतर चाललेल्या खटल्यात १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली.

त्या काळी सरकारी खटले बादशहाच्या नावाने चालत. बादशहा होता पाचवा जॉर्ज. याच राजाला मायदेशी स्वतःच्या मर्जीने साधा एक करही बसवता येत नव्हता. तिकडे एवढे बांधलेले हात इकडे इतके मोकळे कसे, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

४ जानेवारी १६४२ रोजी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स हत्यारबंद माणसे घेऊन हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात शिरला. पाच सभासदांना पकडायचे होते. ते आधीच निसटले होते. ते कुठे आहेत, हे सांगायला सभापतींनी गुडघे टेकून, पण ठाम नकार दिला. त्यानंतर कामकाज चालू असताना कोणताही राजा त्या सभागृहात गेलेला नाही. आजही अधिवेशनाचे उद्घाटन असले की राजाचा दूत काळी छडी घेऊन येतो, त्याच्या तोंडावर दार आपटून बंद होते. तो छडीने तीनदा ठोठावतो, मग दार उघडते. सभासद राजाचे भाषण ऐकायला निघतात, आणि ते भाषण लिहिलेले असते मंत्र्यांनी.

चार्ल्सचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला, अकरा वर्षे राजाविना गेली, १६६० मध्ये राजा परत आला. खरा निकाल लागला १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने: संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात खडे सैन्य नाही, कायदा तहकूब करणे नाही. तिजोरीची किल्ली संसदेकडे गेली. पैसा हवा तर संसद बोलवावीच लागे.

पुढचे बरेचसे वहिवाटीने घडले. संसदेने मंजूर केलेले विधेयक राजसत्तेने शेवटचे नाकारले १७०८ मध्ये, राणी ॲनच्या काळात. १७१४ मध्ये जर्मनीतून आलेल्या पहिल्या जॉर्जला इंग्रजी फारशी येत नव्हती. मंत्रिमंडळाच्या बैठकांना जाणे त्याने सोडून दिले. १७२१ पासून रॉबर्ट वॉलपोल कारभाराचा प्रमुख झाला. पंतप्रधानपद कोणत्या कायद्याने निर्माण केले नव्हते, ते असे रुळले. १८३४ मध्ये राजा चौथ्या विल्यमने पंतप्रधान मेलबर्नचे मंत्रिमंडळ घालवून त्याच्या जागी पीलला आणले. निवडणूक झाली, पीलला बहुमत मिळाले नाही आणि काही महिन्यांत मेलबर्न परत आला. मला हा प्रसंग सगळ्यात बोलका वाटतो. बहुमत नसलेला पंतप्रधान राजाच्या मर्जीवर टिकत नाही, हे तिथे कायमचे ठरले. त्यानंतर तिथल्या कुठल्या राजाने असे केले नाही.

थोडक्यात व्यवस्था अशी: हुकूम राजाच्या नावाने, सल्ला मंत्र्याचा, जबाब मंत्र्याने द्यायचा, तोही लोकांनी निवडलेल्या सभागृहात. अर्थात निवडणारे लोक फार काळ मूठभरच होते. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले ते १९२८ मध्ये.

दोनच वर्षांनी, मे १९३० मध्ये, गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे सोलापूर पेटून उठले. दोन-तीन दिवस शहरात इंग्रजांचे राज्य उरले नाही. १२ मेला लष्करी कायदा लागू झाला, तो ३० जूनपर्यंत राहिला. त्यासाठी व्हाइसरॉयने वटहुकूम काढला; त्यावर कायदेमंडळात मतदान झाले नाही. व्हाइसरॉय भारतमंत्र्याला, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याला जबाबदार, भारतमंत्री लंडनच्या संसदेला. साखळी तीच होती, पण तिचे टोक सोलापूरपर्यंत पोचत नव्हते. त्या संसदेत आमच्या मताने गेलेला एकही माणूस नव्हता.

सांगोल्याच्या पलीकडे आटपाडी लागते. तो मुलूख औंध संस्थानचा. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला. इंग्रज राजांकडून संसदेला जे भांडून, रक्त सांडून घ्यावे लागले, ते या राजाने आपण होऊन दिले. शाळेच्या पुस्तकात याला मोठी जागा मिळायला हवी.

घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी सांगितले की राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे आहे. तो राज्याचा प्रमुख, कार्यपालिकेचा नव्हे. २६ जानेवारी १९५० ला राजा गेला, रीत ठेवली. राष्ट्रपतींचे अभिभाषण सरकारच लिहिते. वटहुकूम आजही निघतात, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, राष्ट्रपतींच्या सहीने. पण अनुच्छेद १२३ प्रमाणे तो संसदेपुढे ठेवावा लागतो, आणि अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत संसदेने त्याचा कायदा केला नाही, तर तो आपोआप संपतो.