यकृतातल्या गाठीवर उष्णतेचा उपचार : तारीख घेण्याआधी हे वाचा

स्तनाचा कर्करोग यकृतात पोचल्याचं कळलं की ‘आता लिव्हरचाही कॅन्सर झाला’ असं घरात बोललं जातं. तसं नसतं. त्या गाठी स्तनाच्याच कर्करोगाच्या पेशींच्या असतात, म्हणून मुख्य उपचार औषधांचाच: हार्मोनच्या गोळ्या, केमो, हर-टू (काही गाठींच्या पेशींवर जास्त असणारं प्रथिन) वरची इंजेक्शनं. आमच्याकडे सुईने यकृतातली गाठ तापवून जाळतात, तो जोड-उपचार. तो करून घेतला म्हणून औषधं थांबत नाहीत.

कोणाला उपयोग होतो? गाठी मोजक्या आणि साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच्या असतील, बाकी शरीरातला आजार औषधांनी आटोक्यात असेल, तर. यकृतभर गाठी असतील तर आम्ही नाही म्हणतो. खर्च आणि त्रास दोन्ही वाया जातात. या उपचाराने स्तनाच्या कर्करोगात आयुष्य वाढतं, असं मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. मोजक्याच ठिकाणी पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात औषधांना रेडिएशन किंवा शस्त्रक्रियेची जोड देऊन पाहणाऱ्या एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. त्यातही जादा फायदा दिसला नाही. त्यात सुईचा उपचार नव्हता, तरी हे तुम्हाला माहीत असावं. म्हणूनच तुमच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही.

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत त्वचेतून सुई थेट गाठीत नेली जाते. रेडिओफ्रिक्वेन्सी (एक प्रकारचा वीजप्रवाह) किंवा मायक्रोवेव्हने सुईच्या टोकाभोवतीचा भाग तापतो. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशी जवळजवळ लगेच मरतात. गाठीभोवतीची ५ ते १० मिलिमीटर निरोगी कडाही मुद्दाम जाळतो, नाहीतर काठावर उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. मोठ्या रक्तवाहिनीलगतची गाठ अवघड, कारण वाहतं रक्त उष्णता पळवतं. तिथे बहुधा मायक्रोवेव्ह बरा पडतो. पित्ताशय किंवा आतडं चिकटून असेल तर मध्ये द्रव सोडून जागा करावी लागते.

‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. धोका शून्य नाही, पण फार कमी आहे. सुई बाहेर काढताना तिची वाटही तापवली जाते.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही चालू असेल तर आधी सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. पित्तनलिकेत स्टेंट असेल किंवा तिची शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही नक्की सांगा, कारण अशा रुग्णांत नंतर यकृतात पू होण्याची शक्यता वाढते. भूल द्यायची असल्याने उपाशीपोटी या. बहुतेकांना एक रात्र राहावं लागतं.

नंतर काही दिवस हलका ताप, थकवा, कधी उजवा खांदा दुखणं, हे होतं. महिन्याभराने स्कॅन करतो. त्यात जळलेला भाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो, तो दिसायलाच हवा. ‘गाठ वाढली’ म्हणून घाबरू नका. मात्र थंडी वाजून चढता ताप, वाढती पोटदुखी, कावीळ किंवा चक्कर आली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि आमचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.