जतच्या प्लांटवरचा 'नॅनो' आला कुठून?

जत तालुक्यातल्या एका गावात पाण्याच्या एटीएमवर परवा नवं स्टिकर पाहिलं: 'नॅनो टेक्नॉलॉजीचं शुद्ध पाणी'. आत डोकावलं तर नेहमीचंच मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्याची गुंडाळी, चार इंच जाड आणि चाळीस इंच लांब. जुनं मेम्ब्रेन चिरून गुंडाळी सोडवली की पान, जाळी, पुन्हा पान असे थर निघतात, कडांना क्षारांची पांढरी खपली. पानावरचा पॉलिअमाइड या प्लास्टिकचा जो थर क्षार अडवतो, तो शे-दोनशे नॅनोमीटरचा; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या हिशेबाने हा प्लांट पहिल्या दिवसापासूनच 'नॅनो' आहे!

सुरुवातीचं थोडक्यात. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात सेल्युलोज ॲसिटेटचा कामाचा पडदा तयार झाला. १९६५ साली त्याच राज्यातल्या कोअलिंगा गावाला त्यातून गाळलेलं पाणी मिळू लागलं. सत्तरच्या दशकात पॉलिअमाइड आलं, आणि आज सांगली-मिरजेच्या दुकानांत मिळतं ते त्याच घराण्यातलं.

घोळ झाला तो शब्दाचा. पॉलिअमाइडचे काही पडदे जरा सैल निघाले. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट अडवायचे, पण साधं मीठ बरंचसं सोडून द्यायचे. दाब देऊन पडद्यातून पाणी गाळणं म्हणजे आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस), म्हणून त्यांना आधी 'लूज आरओ', म्हणजे सैल आरओ, म्हणत. फ्लोरिडात जड भूजल मऊ करायला ते वापरले गेले. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्यांचं बारसं 'नॅनोफिल्ट्रेशन' असं झालं, कारण छिद्रं साधारण एक नॅनोमीटरची. नॅनो तंत्रज्ञान हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो नंतर. म्हणजे नाव नॅनो, पण आत नॅनोकण-बिण काही नाही.

खरे कण पडद्यात गेले ते २००७मध्ये. झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे नॅनोकण पॉलिअमाइडच्या थरातच मिसळले, तेव्हा मीठ अडवण्याची ताकद न घटता पाणी जास्त सुटू लागलं. त्याच्या आदल्या वर्षी कार्बन नॅनोट्यूबमधून, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांतून, पाणी अंदाजापेक्षा कितीतरी वेगाने जातं असं दिसलं होतं; मग ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा पातळ पापुद्रा, आलं. प्रयोगशाळेतला नखाएवढा तुकडा आणि एकही भोक नसलेले शेकडो चौरस मीटर, यातलं अंतर मात्र अजून पुरतं कापलेलं नाही.

आपल्याकडे वाद पेटला तो भलत्याच टोकाला. २०१९च्या मे महिन्यात राष्ट्रीय पातळीवरच्या एका लवादाने सांगितलं, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कमी असेल तिथे आरओ बंद करा. चर्चा सगळी टीडीएसच्या आकड्याची. कोणते क्षार, हे कुणी विचारेना. जत-आटपाडीच्या बोअरला मुख्य तक्रार जडपणाची असेल, डाळ शिजत नसेल, तर माझ्या मते तो ऐंशीतला सैल पडदाच बरा: दाब कमी, वीज कमी. नायट्रेट जास्त असेल तर मात्र त्याचा भरवसा नाही, ते बरंचसं आरपार जातं.

स्टिकरवाल्या प्लांटच्या माणसाला विचारलं, "दादा, यात नॅनो म्हणजे नक्की काय?" तो म्हणाला, "कँडल चांदीची हाय." वेस्टचा पाइप मागच्या गटारीत सुटला होता, आणि ती धार गोड्या पाण्याच्या धारेपेक्षा जाड होती.