रूळ उचललेल्या वाटेवर येण्याआधी

आमच्या सायकल-फेऱ्या रूळ काढून मोकळ्या केलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवरून जातात. या वाटा सपाट असतात असं समजून बरेच जण येतात. वाफेच्या इंजिनाला फार चढ झेपत नसे, त्यामुळे अवघड मार्गावरही ५० मीटरला १ मीटर हा चढ कडकच मानला जाई. पण तोच चढ सलग १० किलोमीटर राहिला तर २०० मीटर उंची चढून होते. डोळ्यांना तो जाणवत नाही, मांड्यांना जाणवतो. सोबत नवखे असतील तर वरच्या टोकाकडून निघा.

बाकी सगळी रचना या चढाच्या हिशोबातूनच आली. टेकडी आली की कापायची आणि निघालेली माती पुढच्या भरावाला वापरायची, म्हणून कटिंग आणि भराव सहसा आलटून-पालटून भेटतात. एकेरी मार्गाचा भराव मध्येच रुंद झाला तर तिथे बहुधा समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी दुसरा रूळ होता. आसपास फलाटाची दगडी कड शोधा.

चिखल कटिंगमध्येच जास्त. बाजूची गटारं पालापाचोळ्याने तुंबतात, ऊन पोचत नाही. भरावाखालची मोरी तुंबणं अधिक वाईट, कारण अडलेल्या पाण्याने माती भिजून कडा खचते. कडेला लांबट भेग दिसली तर सायकलवरून उतरा, वाटेच्या मधून चाला आणि आम्हाला कळवा.

बोगद्यात स्वतःचा दिवा हवाच. वळणाच्या बोगद्यात मध्यावर दोन्ही तोंडं दिसत नाहीत. भिंतीतले कोनाडे गाडी आली की गँगमननी आत सरकावं म्हणून ठेवलेले. इंग्लंडमधल्या बाथजवळच्या १,६७२ मीटर लांबीच्या कूम डाउन बोगद्याला धूर बाहेर जायला एकही झरोका नव्हता. २० नोव्हेंबर १९२९ ला मालगाडी आत रखडत चालली, चालक आणि फायरमन (इंजिनात कोळसा टाकणारा) बेशुद्ध पडले, आणि पुढच्या उतारावर ती बेफाम सुटून बाथच्या यार्डात आदळली. चालकासह तिघे दगावले. २०१३ पासून हा बोगदा सायकलींसाठी खुला आहे.

टायर किमान ३५ मिलिमीटर रुंद हवा. अरुंद टायरची ट्यूब उरलेल्या खडीवर रिमखाली चिमटून फुटते. रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर शेकोटीत घालू नका, त्यांत मुरलेल्या क्रिओसोटचा (लाकूड टिकवणाऱ्या डांबरी तेलाचा) धूर घातक असतो. आणि रूळ अजून जागेवर असतील तिथे पाऊल टाकू नका, गवत कितीही वाढलेलं असो: अशा लाइनवर अधूनमधून मालगाडी येऊ शकते.