न उमटलेली रेघ

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मुंबईहून भाच्याचा फोन आला. तो जहाजावर इंजिनिअर आहे. नव्या करारावर जाण्याआधी दरवेळी होते तशी त्याची वैद्यकीय तपासणी चालू होती. आवाज पार उतरलेला. "मावशी, मी आयुष्यात कधी सिगरेटसुद्धा ओढली नाही गं. आणि युरिन टेस्टच्या सगळ्या पट्ट्यांवर दोन-दोन रेघा आल्यात." तंत्रज्ञ काही बोलायच्या आतच याने कपाकडे डोकावून पाहिलं होतं.

"सगळ्या पट्ट्यांवर दोन?" मी विचारलं.

"हो ना, सगळ्या."

"मग निवांत जेव. तू पास झालास."

त्याची चूक नव्हती. 2021 मध्ये पुण्यात तयार झालेलं कोविडचं घरगुती किट आलं, मग आणखी आली, आणि घरोघरी एक नियम पाठ झाला: एक रेघ म्हणजे सुटलो, दोन म्हणजे अडकलो. गरोदरपणाची पट्टीही तेच सांगते. अमली पदार्थांच्या पट्टीवर मात्र सगळं उलट असतं. 'सी' (कंट्रोल, म्हणजे पट्टी नीट चालल्याची खूण) आणि 'टी' (टेस्ट, म्हणजे खरी चाचणी) या दोन्ही रेघा दिसल्या तर पदार्थ सापडला नाही. 'टी'ची रेघ उमटलीच नाही, तर संशय. आणि 'सी'च नसेल, तर पट्टी वाया गेली, दुसरी घ्या. 'टी'ची रेघ फिकट आली म्हणजे 'थोडंसं घेतलंय' असा अर्थ लावणारे लोक मी प्रयोगशाळेत काम करतानाही पाहिले आहेत. पुसट का होईना, रेघ ती रेघ. दिसली की निकाल निगेटिव्ह.

हे उलटं का? या प्रश्नाचं उत्तर मला इतकं आवडतं की पंचवीस वर्षं या पट्ट्या हाताळूनही सांगताना उत्साह कमी होत नाही.

आधी पट्टी जवळून पाहू. आमच्याकडे किटची नवी पेटी फोडली की दोन पट्ट्या तपासून बघायच्या असतात: एक साध्या कंट्रोल द्रावात आणि एक अफूतलं मॉर्फिन ठरावीक प्रमाणात घातलेल्या द्रावात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. खालच्या टोकाला ओल लागते आणि टिपकागदावर शाई चढावी तशी ती वर सरकते. तिच्या पुढच्या कडेला गुलाबी झाक दिसते. हा गुलाबी रंग सोन्याचा आहे. साधारण 40 नॅनोमीटरचे सोन्याचे कण, म्हणजे केसाच्या जाडीत दोनेक हजार शेजारी शेजारी बसतील इतके बारीक. एवढं लहान झालं की सोनं हिरवा प्रकाश शोषतं आणि लालसर दिसतं. मायकेल फॅरडेने 1857 मध्ये अशा लाल सोन्याचा अभ्यास केला होता. प्रत्येक कणावर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात, म्हणजे कोविडच्या काळात आपण रोज ऐकायचो त्या अँटीबॉडीज. इथली प्रतिपिंडं मॉर्फिनला पकडणारी आहेत.

गुलाबी ओल 'टी'पाशी पोचते. पहिल्या पट्टीवर तिथे आधी धूसर सावली पडते, मग मिनिटभरात स्पष्ट किरमिजी रेघ उठते. दुसऱ्या पट्टीवर तीच गुलाबी ओल तिथूनच जाते, पण काहीच होत नाही. कागद पांढराच राहतो. मॉर्फिन असलेल्या द्रावात रेघ नाही आणि नसलेल्यात रेघ आहे.

'टी'च्या जागी पट्टी बनवणाऱ्याने मॉर्फिनच चिकटवून ठेवलेलं असतं. नुसतं नाही, तर एका मोठ्या प्रथिनाला बांधून, कारण एकटं मॉर्फिन तिथे टिकणार नाही. आता लोकलची गर्दी डोळ्यांपुढे आणा. रिकाम्या हातांनी चढलेला माणूस वरची कडी धरतो आणि तिथे थांबतो. दोन्ही हातांत पिशव्या असलेल्याला कडी धरता येत नाही, तो गर्दीबरोबर पुढे ढकलला जातो. सोन्यावरची प्रतिपिंडं ही अशीच माणसं. लघवीत मॉर्फिन नसेल तर त्यांचे हात रिकामे असतात, ती 'टी'वरचं मॉर्फिन धरून थांबतात आणि त्यांच्या अंगावरचं सोनं साचून रेघ होते. लघवीत मॉर्फिन असेल तर वाटेतच हात भरतात आणि ती 'टी'वरून निघून जातात. 'सी'ची रेघ वेगळ्याच कडीने धरली जाते, म्हणून ती दोन्ही वेळा उमटते. ओल शेवटपर्यंत चढली आणि सोनं सुटलं, याची ती खूण.

मग गरोदरपणाच्या पट्टीसारखी सरळ पद्धत का नाही वापरली? कारण आकार. गरोदरपणात सापडणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाचं रेणूभार सुमारे 37,000, मॉर्फिनचं 285. नारळ एकाने एका बाजूने आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने धरता येतो, तसं एचसीजीला दोन प्रतिपिंडं दोन्हीकडून धरतात: एक पट्टीला खिळलेलं, दुसरं सोनं घेऊन आलेलं. मधे नारळ असेल तरच दोघांची गाठ पडते आणि रेघ येते. ज्वारीचा दाणा मात्र एकाने चिमटीत धरला की दुसऱ्याच्या बोटांना जागाच उरत नाही. मॉर्फिन, गांजाचा अंश, कोकेनचा अंश, अँफेटामाइन हे सगळे ज्वारीचे दाणे. म्हणून दाणा थेट न दाखवता, दाण्याने अडवलेली जागा दाखवायची.

ही स्पर्धेची कल्पना रोझॅलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची. रक्तातलं इन्सुलिन मोजायला त्यांनी 1960 च्या सुमारास ती वापरली, तिथे सोन्याऐवजी किरणोत्सारी खूण होती. यालो मुळात भौतिकशास्त्रज्ञ. 1977 चं नोबेल त्यांना मिळालं, तेव्हा बर्सन हयात नव्हते. 1971 मध्ये अमेरिकेने व्हिएतनाममधून घरी परतणाऱ्या सैनिकांची लघवी हेरॉइनसाठी तपासायला सुरुवात केली, तेव्हाही यंत्र वेगळं असलं तरी तत्त्व स्पर्धेचंच होतं.

पट्टी चुकते कुठे, याचं मूळही या रेणूच्या लहानपणातच आहे. इतका छोटा रेणू प्राण्याला टोचला तर त्याची प्रतिकारशक्ती दखलच घेत नाही. कार्ल लँडस्टायनर, ज्याने रक्तगट शोधले, त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं की असा रेणू मोठ्या प्रथिनाला बांधून टोचला तर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. पण बांधायचं म्हणजे एका बाजूने बांधणार. ती बाजू प्रथिनाकडे झाकली जाते, आणि तयार होणारं प्रतिपिंड फक्त उघड्या बाजूला ओळखायला शिकतं. पाठमोऱ्या माणसाला शर्टावरून ओळखावं तसं. तोच शर्ट घातलेला दुसरा कोणी आला की फसगत.

आणि असे दुसरे पुष्कळ आहेत. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, ज्याने लघवी नारिंगी होते, आणि सर्रास लिहून दिलं जाणारं लिव्होफ्लॉक्सासिन काही किटवर अफूवर्गीय पदार्थाचा आभास देतात. गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी दिलं जाणारं लॅबेटालॉल, अ‍ॅसिडिटीवरचं रॅनिटिडिन, बंद नाकावरचं स्यूडोएफेड्रिन यांनी अँफेटामाइनची रेघ गायब झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून तपासणीला जाताना चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी आणि नमुना देण्याआधी लिहून द्यावी. निकाल लागल्यावर सांगितलं की लोकांना ती सबब वाटते.

उलट्या दिशेची चूकही याच कारणाने होते. मॉर्फिनची पाठ ओळखणारं प्रतिपिंड फेंटानिल किंवा ट्रॅमाडॉलला ओळखत नाही. ती अफूसारखंच काम करतात, पण त्यांची ठेवण वेगळी. आपल्याकडे पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत सतत दिसणारं 'एमडी', म्हणजे मेफेड्रोन, अँफेटामाइनचं चुलत भावंड असूनही अँफेटामाइनच्या अनेक पट्ट्यांवर दिसत नाही. 2024 मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांना त्याचा मोठा साठा सापडला. ज्या भागात लोक हे घेतात तिथे जुनी पाच पदार्थांची पट्टी निगेटिव्ह आली, तर त्यावरून फारसं काही कळत नाही.

आता खसखस. किती मॉर्फिन आढळलं की रेघ नाहीशी व्हावी, हे कोणीतरी ठरवावं लागतं. अमेरिकेच्या सरकारी कार्यक्रमात ही हद्द आधी मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम होती. गांजासाठी ती 50 आहे. 50 नॅनोग्रॅम म्हणजे दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरमध्ये अर्धा ग्रॅम. इतकं बारीक चाळलं की स्वयंपाकघरही चाळणीत येतं. खसखस ही अफूच्याच झाडाची बी. बीमध्ये स्वतःचं मॉर्फिन जवळपास नसतं, पण बोंडाचा चीक तिच्या अंगाला लागलेला असतो. कुठलं पीक, किती धुतलं, यावर प्रमाण बदलतं. वाटीभर खसखशीची खीर खाल्लेल्या निर्व्यसनी माणसाच्या लघवीत 300 च्या वर मॉर्फिन येऊ शकतं. याच बियांमुळे अमेरिकेने 1998 मध्ये हद्द 2000 वर नेली. बाजारात मात्र दोन्ही हद्दींच्या पट्ट्या मिळतात, आणि अहवालावर हद्द लिहिलेली नसेल तर तो अर्धा अहवाल आहे.

इथे एक बारकावा आहे. रिफाम्पिसिनच्या वेळी पट्टी फसते. खसखशीच्या वेळी ती खरं बोलत असते, मॉर्फिन तिथे असतंच. त्यामुळे पुढची महागडी यंत्रचाचणीही मॉर्फिनच दाखवते. शरीरात हेरॉइनचंही शेवटी मॉर्फिनच होतं, म्हणून हेरॉइनच घेतलं होतं हे ठरवायला 6-एमएएम नावाचा अंश शोधतात. तो हेरॉइनपासूनच बनतो, खसखशीपासून नाही. पण तो लघवीत जेमतेम एक दिवस टिकतो.

काळाचा हा प्रश्न टीव्हीवरच्या बातम्यांत पूर्ण विसरला जातो. 'रेव्ह पार्टीत अमुक जण पॉझिटिव्ह' असं पडद्यावर झळकतं आणि ते त्या रात्री नशेत होते असं सगळे धरून चालतात. पट्टी गांजाची नशा शोधत नाही, शरीराने त्याचं रूपांतर करून टाकलेला निष्क्रिय अंश शोधते. तो चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. एकदाच घेतलेल्याच्या लघवीत तीन-चार दिवस, रोज घेणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे. कोकेनचा अंश दोन-चार दिवस. महाशिवरात्रीच्या भांगेतला आणि गांजातला अंशही पट्टीला सारखाच, जरी 1985 च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याने नुसत्या पानांना गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलेलं असलं तरी.

हा अंश झटपट 'धुऊन काढणारी' डिटॉक्स चूर्णं, काढे आणि लिंबू-व्हिनेगरचे फॉरवर्ड यांबद्दल मला रागच येतो. चरबीतला रेणू काढ्याचं ऐकत नाही. यकृत आणि मूत्रपिंडं त्यांच्या गतीने काम करतात. भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ केली तर प्रयोगशाळा क्रिएटिनिन (लघवीत नेहमीच असणारा एक टाकाऊ पदार्थ) किती आहे ते बघून तो नमुना पातळ ठरवते. असली चूर्णं विकणारे घाबरलेल्या पोरांच्या आईवडिलांकडून पैसे काढतात, एवढंच त्यातलं सत्य.

आणि खोक्यावरचं '99 टक्के अचूक'? ते खरं आहे असं धरून हिशेब करू. समजा एका कंपनीने हजार कर्मचारी तपासले आणि त्यातले दहा जण खरोखर काही घेतात. पट्टीने दहाही पकडले. उरलेल्या 990 निर्दोष लोकांत एक टक्का चूक म्हणजे सुमारे दहा जण. संशयाच्या यादीत वीस नावं, त्यातली निम्मी निरपराध. पट्टी तीच ठेवा आणि व्यसनमुक्ती केंद्रात वापरा, जिथे निम्मे लोक घेत असतील. तिथे यादीतलं जवळपास प्रत्येक नाव बरोबर निघेल. पट्टी बदलली नाही, ती कोणाच्या हातात दिली ते बदललं.

म्हणूनच जाणकार पहिल्या चाचणीच्या निकालाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, 'नॉन-निगेटिव्ह' म्हणतात. त्याच नमुन्याचा सीलबंद भाग मास स्पेक्ट्रोमीटरकडे जातो. तिथे प्रतिपिंडाच्या अंदाजावर काही सोडलेलं नसतं, रेणू फोडून त्याच्या तुकड्यांची वजनं पाहतात. 31 जानेवारी 2022 पासून डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांपैकी किमान 10 टक्के लोकांची दरवर्षी अचानक तपासणी सक्तीची केली. त्यातही पहिल्या चाचणीत संशय आला की माणसाला कामावरून बाजूला करतात आणि खात्रीची चाचणी होते. हे बरोबर आहे. मला अस्वस्थ करतात त्या लहान आस्थापना, जिथे दुकानातून आणलेल्या पट्टीवर रेघ नाही दिसली की मुलाला त्याच दुपारी 'उद्यापासून येऊ नकोस' असं सांगतात. कुठली हद्द, कुठली औषधं, खात्रीची चाचणी केली का, हे कोणी विचारत नाही. अशा एका मुलाची चिठ्ठी मी पाहिली होती. त्याला क्षयरोगाचा उपचार चालू होता.

भाचा दिवाळीनंतर जहाजावर चढला, दुबईच्या बंदरात. ताईने डबा भरताना मला फोन केला होता, अनारसे द्यायचे का म्हणून. अमिरातीत खसखस न्यायलाच बंदी आहे, मग ती अनारशावर थापलेली का असेना. हे सांगितल्यावर ताई थोडा वेळ गप्प राहिली. खसखशीशिवाय अनारसा तिच्या हातून कधी झालाच नव्हता. शेवटी त्याच्या वाटणीचे दहा-बारा अनारसे तिने तिळावर थापले.