एकच सर्व्हिस घोटली की पक्की होते?

बी.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या) सराव पाठांत हमखास मिळणारा सल्ला: एक कौशल्य पक्कं होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

तो पटतो, कारण बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस सलग मारली की शटल जाळीच्या अगदी वरून जायला लागतं. पण ती बरीचशी त्या तासापुरती लय असते. शॉर्ट, लाँग (लांब, उंच), ड्राइव्ह (सपाट, वेगवान) अशा सर्व्हिस आलटूनपालटून मारताना दरवेळी हालचाल नव्याने जुळवावी लागते. चुका वाढतात, पण शिकलेलं सहसा जास्त टिकतं. रॅकेट धरण्यापासून सुरुवात असेल, तर मात्र आधी थोडा सलग सरावच बरा.

पडताळायचंय? दोन गट करा: एकाला एकेक सर्व्हिस सलग, दुसऱ्याला आलटूनपालटून; फटक्यांची संख्या सारखीच ठेवा. आठवडाभर सर्व्हिस बंद. मग कोर्टावर खडूने चौकोन आखून दोघांच्या सर्व्हिस मोजा, वॉर्मअपचे फटके न देता.