घाट उतरून समुद्राकडे: कोल्हापूरकरांच्या दुसऱ्या घराची पार्श्वभूमी

दिवाळी उरकली की कोल्हापुरातल्या निवृत्त मंडळींच्या गप्पांत देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या जागांचे भाव निघतात. कुणी चार गुंठे घेतलेले असतात, कुणी चिऱ्याचं घर बांधायला काढलेलं असतं. ही ओढ फार जुनी नाही. आधीच्या पिढ्यांना हवापालटाला पन्हाळा पुरत होता.

पन्हाळा शहरापासून जेमतेम 20 किलोमीटर, उंची तीन हजार फुटांच्या वर. शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधलेला हा गड 1782 पर्यंत करवीर राज्याची राजधानी होता. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला, तटबंदी मोडली. लष्करी महत्त्व संपलं, थंड हवा तेवढी राहिली. तिच्यासाठी पुढे बंगले उठले आणि आज तिथल्या नगरपरिषदेच्या नावातच ‘गिरिस्थान’ आहे. आंबोलीही वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा मुक्काम होती. गोऱ्या अधिकाऱ्यांना तिथली हवा मानवली आणि गावाचं नशीब पालटलं.

समुद्राशी आपलं नातं मात्र व्यापाराचं. गूळ घाट उतरायचा. मीठ, नारळ, सुकी मासळी घाट चढायची. किनाऱ्यावर राहायला जावं असं कुणाच्या मनात येत नव्हतं. कोकणातला तरुणच मुंबईच्या गिरणीत होता, घर मनिऑर्डरवर चालायचं आणि कितीतरी घरांना वर्षातले अकरा महिने कुलूप असायचं.

चित्र बदललं ते दोन दशकांत. 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागलं आणि ओसाड कातळावर आंबा-काजू उभा राहिला. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ज्या जमिनीकडे कुणी बघत नव्हतं, तिला गिऱ्हाईक आलं.

यात कोल्हापूरकर पुढे राहिला, याचं कारण मला 1948 च्या कूळकायद्यात दिसतं. त्याच्या कलम 63 नुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. मुंबईचा नोकरदार इथे अडतो. त्याला बिनशेती प्लॉट शोधावा लागतो. आपल्याकडे शिक्षक असो की बँकेतला कारकून, गावाकडच्या सातबाऱ्यावर बहुधा नाव असतंच. उसाचे पैसे हाती आणि खातेदाराचा दाखला खिशात, मग व्यवहाराला वेळ लागत नाही. पुढे शेतजमिनीवर घर बांधताना परवानग्या लागतात, ते बऱ्याच जणांना खरेदीखत झाल्यावर कळतं. किनाऱ्यालगत तर 1991 पासून सीआरझेडचे, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम आहेत. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, अशी तेव्हाची अट. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत ती 50 मीटरवर आणली. विरळ वस्तीत 200 मीटर कायम आहेत. एजंट ‘सी टच’ म्हणून जागा दाखवतो, तेव्हा हाच आकडा आधी विचारावा.

माझे काका निवृत्त शिक्षक. देवगड तालुक्यात त्यांनी दोन खोल्या बांधल्या. पडवीत सकाळचं ऊन येतं आणि त्या उन्हात त्यांचे गुडघे खरंच मोकळे होतात, हे मी पाहिलंय. पण दुसऱ्या पावसाळ्यानंतर दाराची लोखंडी कडी उघडताना गंजून हातात आली. गाद्यांना बुरशी धरली होती, विहिरीचा पंप जाम. आता ते मृगाच्या आधी घर बंद करून वर येतात आणि हृदयाच्या तपासण्याही कोल्हापुरातच करतात. मोठ्या आजाराला सिंधुदुर्गातले लोकही वर्षानुवर्षं कोल्हापूर, बेळगाव नाहीतर गोवा गाठत आलेत. उतारवयात घर घेताना समुद्र किती जवळ हे सगळे बघतात. दवाखाना किती लांब, हेही तितक्याच काळजीने बघायला हवं.

डोंगराकडचं दारही आता सताड उघडं नाही. राधानगरी अभयारण्य 2012 पासून जागतिक वारशात आहे. जुलै 2025 मध्ये पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे किल्लेही युनेस्कोच्या यादीत गेले, आणि गडावरच्या रहिवाशांना बांधकामावरच्या निर्बंधांची धास्ती आहे. ती रास्त आहे, कारण गडावर त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची राहती घरं आहेत.

वैभववाडीमार्गे रेल्वेची मागणी जुनी, रूळ अजून पडलेले नाहीत. सगळी भिस्त घाटांवरच. 2024 मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा गाड्या भुईबावडा आणि फोंड्याकडून वळल्या. गणपती झाले की काका देवगडच्या शेजाऱ्याला फोन लावतात. घराची चौकशी नंतर; आधी विचारतात, घाट चालू आहे का?